बिनटाळ्याची नोंद

कोशात कोणता शब्द घ्यायचा आणि कोणता गाळायचा हे ठरवायला आम्ही तीन माणसं महिन्यातून एका शनिवारी अमरावतीत जमतो. वऱ्हाडातले नवस, सण, पंथ, भजनी मंडळं आणि त्यांच्या आतल्या बोलीतले शब्द, असा हा कोश. एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर आमचं टेबल आहे. वर पंखा आहे, तो फिरतो एवढंच त्याचं काम. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य आहेत. दुसरे सभासद डॉक्टर आहेत, त्यांनी दवाखाना सांभाळून आयुष्यभर लोकगीतं गोळा केली. तिसरी मी. अकोल्याला कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेली, आणि तोंडानं फटकळ म्हणून दोन्ही गावांत माहीत असलेली.

आमचा नियम सरळ आहे. शब्द छापील पुस्तकात सापडला तर उत्तमच. नाही सापडला तर तीन वेगळ्या गावांतल्या, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या तीन माणसांच्या तोंडून तो रेकॉर्ड झालेला हवा. नोंदीखाली त्या गावांची नावं छापायची, माणसांची नावं टेबलावर विचारायची नाहीत. समितीतल्या माणसानं मात्र स्वतः साक्ष द्यायची नाही, कारण आपल्या घरचा शब्द ज्याला त्याला सोन्याचा वाटतो. हे शेवटचं कलम मीच भांडून घालून घेतलं होतं.

होळीच्या आधीच्या बैठकीत मोर्शीकडच्या एका शिक्षिकेनं पाठवलेला शब्द टेबलावर आला. 'बिनटाळ्या'. सोबत रेकॉर्डिंग होतं आणि तिनं अर्थही लिहिला होता. आमच्याकडच्या एका पंथात कोणी गेलं की गावचं भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन प्रेतापुढं चालतं. पण जो विहिरीत सापडला किंवा दोराला लटकलेला सापडला, त्याच्यापुढं टाळ वाजवायचे नाहीत. असा गेलेला माणूस म्हणजे बिनटाळ्या. पुढं तिनं लिहिलं होतं की मेलेल्यावरून हा शब्द घरावर येतो. बिनटाळ्याचं घर, बिनटाळ्याची माय. त्या घरातल्या पुढच्या कुणाच्याही मयतीला मंडळ जात नाही. कधीकाळी मंडळ आपण होऊन त्या दारात आलं आणि टाळ वाजले, तरच घर धुतलं गेलं असं समजतात.

अध्यक्षांना शब्द आवडला नाही. ते म्हणाले की हा कुठं छापलेला नाही, धर्मग्रंथांत नाही, कीर्तनकारांच्या तोंडी नाही. ही धर्माची परिभाषा नव्हे, गावच्या चार टवाळांची शिवी आहे, आणि कोश म्हणजे काही पिकदाणी नाही. डॉक्टर म्हणाले की दर्यापूरकडच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून त्यांनी हा शब्द ऐकलाय, रेकॉर्ड करून आणता येईल. म्हणजे दोन गावं झाली. तिसरं गाव दिवाळीपर्यंत मिळालं तर नोंद, नाहीतर शब्द बाद. 'ब'चा खंड त्यानंतर छपाईला जाणार होता.

मी बैठकीत गप्प बसले तर लोक माझी तब्येत विचारतात. डॉक्टरांनीही विचारली.

माझा धाकटा भाऊ बिनटाळ्या होता.

आमचं गाव मूर्तिजापूरच्या बाजूला, काळ्या मातीचं. वावरातल्या मोटरला लाईन, म्हणजे वीज, तेव्हा पहाटे यायची. भाऊ हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारातच गेला आणि ऊन वर आल्यावर विहिरीत सापडला. कोणी पाहिलं नव्हतं. मोटर चालू होती, पाइप बरोबर सरीत लावलेला होता आणि पाणी वाहून शेजारच्या वावरात शिरलं होतं. बाबांनी तेवढं एकच धरून ठेवलं. ज्याला जीव द्यायचा तो मोटर कशाला चालू करेल, पाइप कशाला लावेल? काठाचा दगड ओला होता, पाय घसरला असेल. मंडळाचे तेव्हाचे प्रमुख आमच्या ओट्यावर येऊन बसले. माणूस वाईट नव्हता, आमच्या घरी किती वेळा जेवून गेलेला. त्यानं बाबांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इहीर काही सांगत नाही भाऊ. आमी कोनाले विचारावं? नियम हाय तो हाय."

तर माझ्या भावाला टाळांशिवाय नेलं. बायका जिथवर जातात तिथवर मीही गेले. त्या दिवसाचं रडणं मला आठवत नाही, चपलांचा आवाज आठवतो. एरवी टाळांखाली तो कुणाला ऐकू येत नाही.

पुढचं सगळं हळूहळू झालं. कुणी आम्हाला वाळीत टाकलं नाही, पंगतीतून उठवलं नाही. फक्त बायका आईला हळदीकुंकवाला विसरू लागल्या. माझी स्थळं आली आणि गावात चौकशी करून परत गेली. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, मला शिकायचंच होतं. आईला वाटलं. मग बाबांनी वावर मक्त्यानं दिलं आणि आम्ही अकोल्याला जठारपेठेत दोन खोल्यांत राहायला आलो. बाबा गेले तेव्हा गावच्या मंडळाला निरोप द्यायची हिंमत घरात कुणाला झाली नाही. त्यांनाही तसंच नेलं.

आईनं तो शब्द आयुष्यात कधी उच्चारला नाही. पण दर वर्षी कार्तिक लागला की ती सूत आणायची, पीळ देऊन टाळांच्या दोऱ्या करायची, त्यांना गोंडे लावायची आणि गावाकडं जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती मंडळाला पाठवायची. स्वतःचं नाव कळवायची नाही. हात थरथरायला लागल्यावर सुद्धा तिनं हे सोडलं नाही. लाच म्हणावी तर लाच, भक्ती म्हणावी तर भक्ती. मी कधी म्हटलं की बैल गेल्यावर झोपा करून काय उपयोग, तर ती ऐकू न आल्यासारखं करायची. तिची इच्छा एकच होती. आपण गेलो की आपल्याला गावी न्यावं आणि आपल्यापुढं मंडळानं टाळ वाजवावेत. मग मागचं सगळं धुतलं जाईल. भावाचंही, बाबांचंही. पंचाऐंशीच्या घरात आलेली ही बाई मरणाची वाट पाहत नव्हती, टाळांची पाहत होती.

म्हणून अध्यक्षांनी शब्द धुडकावला तेव्हा आधी मला सुटल्यासारखं वाटलं. बरं झालं, नको ते छापायला. परतीच्या बसमध्ये, बडनेरा मागं पडल्यावर, मला त्याच सुटकेचा संताप आला. ज्या शब्दानं आमचं घर गावातून उठवलं तो शब्द म्हणे नव्हताच. टवाळांची शिवी होती. असं जर अमरावतीच्या एका टेबलावर ठरणार असेल, तर आमच्या घरात काय झालं होतं? मूर्तिजापूर आलं की मी नेहमी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडं तोंड करते. त्या दिवशी केलं नाही. आमच्या गावचा फाटा गेला तो नीट पाहिला.

तिसरं तोंड माझ्या घरातच होतं.

आईला मी दोन-चार दिवस घोळवून विचारलं. असा असा शब्द आलाय, तो कुणीतरी सांगायला हवा, फोनमध्ये बोलायचं फक्त, तुझं नाव येणार नाही. तिनं तांदूळ निवडणं थांबवलं नाही. गावाचं नाव येईल का, एवढंच विचारलं. मी खोटं बोलू शकले नाही.

"मंग मंडळातल्या लोकायनं वाचलं त येतीन का ते माह्यासाठी?" ती म्हणाली. "तुह्या पुस्तकासाठी मले तशीच धाडतं काय व बाई?"

मी चिडले. मी तिला पुष्कळ सुनावलं. ज्यांनी तुझ्या मुलाला टाळ दिले नाहीत त्यांचे टाळ तुला कशाला हवेत, असंही म्हटलं. ती म्हणाली की तो नियम होता, नियमाला कोण काय करणार. तिचा सगळा भार त्या एका गोष्टीवर होता, हे मला तेव्हा समजलं नाही. देवाधर्माचा नियम पावसासारखा, तो कुणाच्या हातात नसतो, म्हणून कुणावर रागवायचं कारण नाही. ती गावातल्या एकाही माणसावर रागावली नव्हती.

मग मला वाटलं की आपणच गावी जाऊन बघावं. मंडळ काय म्हणतं ते कळेल. छापलं तर ते खरंच रुसतील का, हेही कळेल.

वैशाखात गेले. मंडळाचा आत्ताचा प्रमुख तिशी-पस्तिशीचा, फाट्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. काउंटरवर उघडे फोन, मागं भिंतीला खिळ्यांवर टाळांच्या जोड्या. मी गावची लेक म्हणून त्यानं आत्याबाई म्हणत खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा सांगितला. टाळांच्या दोऱ्या आईच्या हातच्या होत्या, मी लांबूनच ओळखल्या. कुठून आणता म्हणून विचारलं. तो म्हणाला की दरसाल अकोल्याहून येतात, कोणी भक्तीण आहे, नाव ठाऊक नाही, पण बाजारातल्या दोऱ्यांपेक्षा मजबूत.

मग मी मुद्द्यावर आले. विहिरीतल्या, फाशीच्या मयतीला मंडळ जातं का, असं विचारलं.

"जातो ना," तो म्हणाला. "काहून नाई जानार? त्या घराले त जास्त गरज असते."

त्या हिवाळ्यातच ते अशा एका मयतीला जाऊन आले होते. एका पोरानं फवारणीचं औषध घेतलं होतं, त्याच्यापुढं घरापासून मसणापर्यंत वाजवलं होतं. मी त्याला तो शब्द सांगितला. त्यानं तो दोनदा म्हणून पाहिला. त्याला माहीत नव्हता. मी विचारलं की मग तो नियम बंद कुणी केला, कधी केला, बैठक झाली होती का. तो विचारात पडला. बैठक वगैरे काही झाली नव्हती. जुने प्रमुख गेले, त्यांच्या बरोबरीचे थकले, मंडळ दोन-तीन वर्षं बंदच होतं. मग गावातल्या पोरांनी टाळ बाहेर काढले, भजनं मोबाइलवर ऐकून शिकली. भजनं शिकली, नियम त्यांना कुणी शिकवलाच नाही.

माझी आई थकलीय, असं मी म्हटलं. तो लगेच म्हणाला की फोन करा फक्त, आख्खं मंडळ येईल. गावच्या माणसाला काय विचारायचं असतं का?

मला आनंद झाला. इतका झाला की मूर्तिजापूरच्या स्टँडवर मी पेढे घेतले. बसमध्ये मी मनातल्या मनात आईला सांगायची वाक्यं जुळवत होते. शिकलेल्या माणसाला अक्कल येते ती पुस्तकापुरती, हे आमच्या गावात उगाच म्हणत नाहीत.

आई खाटेवर बसली होती. मी पेढ्यांचा पुडा तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. मंडळ येणार आहे. नियम आता राहिलाच नाही. ते सगळ्यांसाठी जातात, त्यांना तो शब्दसुद्धा ठाऊक नाही.

तिनं विचारलं, नियम कुणी मोडला. मी म्हटलं, कुणीच नाही, आपोआप सुटला. देवाला कौल लावला होता का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही. कुणा महाराजांना विचारलं? नाही. कुणाचं काही वाईट झालं का त्यानंतर, मंडळावर काही कोप? मी हसून म्हटलं, काही नाही झालं आई, सगळे मजेत आहेत, त्याचं दुकान जोरात चाललंय.

"कोनीच नाई अडवलं त्यायले?"

"कुणीच नाही."

"मंग माह्या पोट्ट्याच्या वक्ती कोनं अडवलं होतं व?"

पेढ्यांचा पुडा तसाच होता. ती रडली नाही. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. बाबा गेले तेव्हाही नाही. इतकी वर्षं तिच्या मुलाला देवाच्या नियमानं टाळ मिळाले नव्हते. आता मी पेढे घेऊन तिला सांगत होते की देव त्यात नव्हताच. ओट्यावर बसलेला एक शेजारी होता, त्याला हो म्हणता आलं असतं आणि त्यानं म्हटलं नाही. ती बातमी मी तिला आनंदाची म्हणून आणली होती.

दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःहून मला फोन घेऊन बसायला सांगितलं. पदर सारखा केला, कॅमेरा नाही म्हटलं तरी केला, आणि सावकाश बोलली. तो शब्द पहिल्यांदा मी तिच्या तोंडून ऐकला. बिनटाळ्या. माह्या पोट्ट्याले म्हनलं लोकायनं. मले बिनटाळ्याची माय म्हनलं. मोटर चालू होती. पाइप लागेल होता. हे तिनं तीनदा सांगितलं. शेवटी म्हणाली की गावाचं नाव मोठ्या अक्षरात टाक.

मी फोन बंद केल्यावर ती म्हणाली, "आनि मले त्यायचे टाळ नको. तो गेला तशीच मी जाईन. त्याच गावातून, त्याच वाटेनं."

मी समजावलं. म्हटलं, ही पोरं वेगळी आहेत, त्यांचा काय दोष. ती म्हणाली की पोरं चांगलीच असतील. पण आपण टाळांत जायचं आणि त्यानं एकट्यानं तसं राहायचं, हे आईला शोभत नाही.

पुढच्या बैठकीत मी रेकॉर्डिंग ऐकवलं. कुणाचं आहे ते सांगितलं नाही, आणि नियमाप्रमाणं कुणी विचारलंही नाही. डॉक्टरांनी मान खाली घातली होती. अध्यक्ष शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, घ्या. ते माणूस म्हणून कोरडे नाहीत, हे मला मान्य करावं लागलं. मग नोंद लिहायला बसलो. व्युत्पत्ती, अर्थ, घराला लागणारा दोष, गावांची नावं. मोटरचं वाक्य मी उदाहरण म्हणून घातलं होतं. ते काढलं गेलं. अध्यक्षांचं म्हणणं असं की त्यातून शब्दाचा अर्थ कळत नाही. बरोबरच आहे, नाहीच कळत. शेवटी एक ओळ घालायची ठरली की हा शब्द आता प्रचारात नाही. त्या ओळीवर मी बरंच भांडले. आमच्या घरात तो अजून प्रचारात आहे, असं काही मला टेबलावर सांगता येत नव्हतं. नोंद चार ओळींची झाली.

त्या वर्षी कार्तिकात आईनं सूत आणायला सांगितलं नाही.

ती मार्गशीर्षात गेली. दुपारची झोपली ती उठलीच नाही. तिच्या सांगण्याप्रमाणं गावी नेलं. चुलत भावाच्या अंगणात तिला ठेवलं, बायका जमल्या. त्यातल्या म्हाताऱ्या माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होत्या. मी मंडळाला फोन केला नव्हता. पण गावात कोणी गेलं की आता फोन करावा लागत नाही, सगळं ग्रुपवर कळतं. तिरडी बांधून होत आली होती तेव्हा तो दुकान बंद करून आला. मागं त्याची माणसं, धुतलेले सदरे, गळ्यात टाळ. मृदंगवाल्यानं अंगणाच्या कडेला बसून थाप देऊन पाहिली. म्हाताऱ्या बायकांपैकी एक हुंदका देऊन रडायला लागली. इतक्या वर्षांनी बिनटाळ्याच्या घरातल्या मयतीला मंडळ आलं होतं, आणि आपण होऊन आलं होतं.

मी उठून त्याच्याजवळ गेले आणि वाजवू नका असं सांगितलं. त्याला वाटलं, एवढ्यात वाजवू नका असं मी म्हणतेय. मी पुन्हा सांगितलं, आईची इच्छा होती, अजिबात नको. त्यानं मागच्यांना हातानं थांबवलं. त्याचा चेहरा पडला. तो कुणाच्या मयतीवरून परत फिरलेला नसावा.

"आत्याबाई," त्यानं हळूच विचारलं, "आमचं काही चुकलं काय?"

माझ्या तोंडात आपसूक गावची बोली आली. "तुमचं काहीच नाई चुकलं बापू," मी म्हटलं. "तुमी त्याच्या वक्ती पाह्यजे होते."

कुणाच्या, असं तो विचारणार होता. मग त्यानं गळ्यातले टाळ काढून हातात धरले आणि माणसं घेऊन बाजूला उभा राहिला.